लालभडक होते, तरी जळत नाही: निकेल-क्रोमियमची तार आणि तिचे भाऊबंद

जुना_भट्टीवाला

परवा नात टोस्टरमध्ये डोकावून बघत होती. ब्रेड खाली गेला, तारा लाल झाल्या आणि तिने विचारलं, "आजोबा, ही तार वितळत कशी नाही?" मी म्हटलं, निक्रोमची आहे म्हणून. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही, आणि माझंही नाही. भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांवर ३१ वर्षं काढली, या तारेच्या जिवावर घर चाललं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चुकलं तर सांगा, माहीत असेल त्याने भर घाला.

आधी वितळण्याचंच बघू. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियमची निक्रोम तार साधारण १४०० ला, म्हणजे लोखंडाच्या आधीच. तरी टोस्टरमध्ये लोखंडाची तार घातली तर थोड्याच दिवसांत पोपडे सुटून तिचा भुगा होईल. बल्बमधलं टंगस्टन ३४२२ अंशांपर्यंत वितळत नाही, पण पेटलेल्या बल्बची काच तडकून हवा आत शिरली की ते बघता बघता जळून जातं. म्हणजे वितळणबिंदूवर फारसं काही ठरत नाही. तापलेल्या धातूचा वैरी आहे हवेतला प्राणवायू.

निक्रोममधल्या क्रोमियमला निकेलपेक्षा प्राणवायूची ओढ कितीतरी जास्त. तार पहिल्यांदा लाल झाली की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. हा पापुद्रा काही मायक्रॉन जाड असतो, तारेला चिकटून बसतो, आणि स्वतः २४०० अंशांच्या वर वितळतो. एकदा तो बसला की प्राणवायूला आत शिरायला आणि धातूला बाहेर यायला वाटच फार चिंचोळी उरते. लोखंडावरही ऑक्साइड धरतं, पण ५७० अंशांच्या वर ते भराभर वाढत जातं आणि पापडासारखं सुटतं.

आमचे फोरमन याला "तारेची साय" म्हणायचे. दुधावरची साय मोडली तर पुन्हा धरते, तशी ही पण धरते, कारण तारेच्या पोटातलं क्रोमियम हळूहळू वर सरकत येतं. पण दूध आहे तोवरच. दरवेळी तार तापते, गार होते. तार आणि साय सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, सायीला बारीक तडे जातात, ते बुजवायला आणखी क्रोमियम खर्ची पडतं. म्हणून सतत चालू ठेवलेली भट्टी, दिवसातून दहादा बंद-चालू होणाऱ्या भट्टीपेक्षा कॉइल जास्त टिकवते. साय घट्ट बसावी म्हणून चांगल्या तारेत एक-दीड टक्का सिलिकॉन आणि चिमूटभर दुर्मिळ मृदा धातू घालतात. स्वस्त तार आणि चांगली तार यांतला फरक बरेचदा त्या चिमटीत असतो.

दुसरा गुण विजेचा. निक्रोमची रोधकता तांब्याच्या साधारण ६५ पट. २३० व्होल्टवर २००० वॉटची शेगडी करायची तर २६ ओहमच्या आसपास रोध लागतो. २२ गेजची निक्रोम तार साधारण पावणेदहा मीटर घेतली की काम झालं. तेवढ्याच जाडीची तांब्याची तार घ्यायची तर ६०० मीटर लागेल. शिवाय निक्रोम गार असताना आणि लाल असताना तिच्या रोधात पाच-सात टक्क्यांचाच फरक पडतो. टंगस्टनचा रोध गार ते पेटता यात दहापटीहून जास्त वाढतो. निक्रोमचा रोध असा स्थिर राहतो म्हणूनच शेगडी चालू करताना एकदम जास्तीची वीज ओढली जात नाही.

या मिश्रधातूचं श्रेय अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्शचं. त्याचं पेटंट ६ फेब्रुवारी १९०६ चं. त्याआधी विजेची भट्टी म्हणजे प्लॅटिनमची तार, आणि ती कोणाला परवडणार? पेटंटनंतर तीनच वर्षांत, १९०९ मध्ये, जनरल इलेक्ट्रिकचा टोस्टर बाजारात आला. इस्त्री, हीटर, शेगडी, हेअर ड्रायर ही सगळी मंडळी या तारेचीच लेकरं.

आता माझी एक चूक सांगतो. कामाला लागून वर्ष झालं नव्हतं. नवी कॉइल बसवायला दिली आणि मी मशीनवरचे तेलकट हातमोजे तसेच घालून ती खोबणीत दाबली. कटिंग ऑइल होतं, त्यात गंधक. निकेल आणि गंधक एकत्र आले की जे संयुग होतं ते साधारण ६४० अंशांनाच वितळायला लागतं. दोन महिन्यांत बरोबर माझी बोटं लागली होती त्या जागी तार फोडासारखी फुगून तुटली. फोरमनने रागावण्याआधी तुटकं टोक माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "वास घे." त्यानंतर स्पिरिटने पुसल्याशिवाय मी कॉइलला हात लावला नाही.

सहज_वाचक

वाचनखूण साठवली. "वास घे" वाचून अंगावर काटा आला.

कराडचा_वायरमन

काका, नमस्कार. माझं दुकान छोटं आहे, पण थंडी सुरू झाली की रोज दोन-तीन शेगड्या येतातच. तुमच्या लेखात एक गोष्ट राहिली ती लिहितो, कारण त्यानं घरं जळतात.

कॉइल तुटली की लोक काय करतात? दोन टोकं ओढून एकमेकांत पिळतात आणि पुन्हा चालू. मी पण शिकत होतो तेव्हा असंच करायचो. आता करत नाही. हिशोब मांडून दाखवतो. समजा तुटलेला आणि वाकडा भाग कापून कॉइल दहा टक्के कमी झाली. २००० वॉटची शेगडी आता २२०० च्या वर गेली, कारण व्होल्टेज तेच आणि रोध कमी. ही जास्तीची उष्णता बाहेर टाकायला तारेची कातडी मात्र दहा टक्क्यांनी कमी झालेली. म्हणजे तारेच्या दर चौरस सेंटिमीटरवर पडणारा भार सुमारे २३ टक्क्यांनी वाढला. तार आधीपेक्षा लाल दिसते, गिऱ्हाईक खूश होतं, "आता चांगली तापते" म्हणतं. आठवड्याभरात ती दुसऱ्या जागी तुटते. मग पुन्हा ओढा, पुन्हा पिळा.

आणि तो पिळा! तारेवर काकांनी सांगितलेली साय असते ना, ती वीज वाहू देत नाही. दोन जुनी टोकं पिळली म्हणजे साय सायीला लागली. त्या जागी ठिणग्या उडतात, पिळा पांढराशुभ्र तापतो, खालची चिनीमातीची प्लेट तडकते. माझं सगळ्यांना सांगणं आहे, कॉइल पूर्ण बदला. आणि शेगडीची पिन ६ अँपिअरच्या सॉकेटला लावू नका, २००० वॉट म्हणजे पावणेनऊ अँपिअर.

जुना_भट्टीवाला

वायरमन दादा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. दर चौरस सेंटिमीटरवरच्या या भाराला आमच्याकडे सरफेस लोडिंग म्हणायचे. उघड्या शेगडीला दर चौरस सेंटिमीटरला आठ-नऊ वॉट चालून जातात, कारण चारी बाजूंनी हवा आहे. विटांच्या बंद भट्टीत मात्र एक-दोन वॉटच्या पुढे जायला आम्ही घाबरायचो. तीच तार, तेच वॉट, पण भट्टीत उष्णता जाणार कुठे? म्हणून भट्टीची तार जाड आणि लांब.

मातीवेडी

काका, मी वाईजवळ स्टोनवेअरची भांडी करते. जुनी इलेक्ट्रिक भट्टी घेतली, आतल्या कॉइल गेलेल्या. पुण्यातल्या एका दुकानातून "निक्रोम" म्हणून तार आणली. माझी ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, १२२० अंशांना पिकते. नवी कॉइल चार फायरिंगमध्ये दोन ठिकाणी तुटली. जोडायला म्हणून वाकवली तर काडीसारखी कटकन मोडली. तार वाईट निघाली की माझंच काही चुकलं? फोटो टाकलाय.

जुना_भट्टीवाला

मातीवेडी ताई, आधी एक करा. तुटलेल्या तुकड्याला लोहचुंबक लावा आणि सांगा.

मातीवेडी

चिकटला! घट्ट.

जुना_भट्टीवाला

मग ती निक्रोम नाहीच. ८०-२० निक्रोमला चुंबक चिकटत नाही. लोखंड मिसळलेली ६० टक्के निकेलवाली येते, ती किंचित ओढते. घट्ट चिकटते ती लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची तार, जिला बाजारात कँथल म्हणतात. हे खरं तर एका स्वीडिश कंपनीचं नाव, हान्स फॉन कँट्सोव्ह नावाच्या माणसाने हालस्टाहामारला हा मिश्रधातू काढला आणि त्याच्याच नावावरून ते पडलं.

पण दुकानदाराने नाव चुकीचं सांगून तुमचं एका अर्थी भलंच केलं. १२२० ची भट्टी निक्रोमला झेपत नाही. भट्टी १२२० असेल तर तार तिच्याहून शंभरेक अंश जास्त तापलेली असते, आणि ८०-२० ची मजल तारेच्या तापमानात १२०० पर्यंत. त्याच्या पुढे सायच उडून जायला लागते. होय, उडून. हजार अंशांच्या वर क्रोमियम ऑक्साइड प्राणवायू आणखी घेऊन वाफेच्या रूपात निसटतं. कँथलच्या तारेवर साय धरते ती ॲल्युमिनियम ऑक्साइडची. ती अशी उडत नाही आणि गंधकालाही बरीच पुरून उरते. त्यातली ए-१ प्रत १४०० पर्यंत चालते. तुम्हाला तीच हवी.

तोटा तुम्ही अनुभवलात. कँथल एकदा तापली की आतले धातूचे स्फटिक-कण मोठे होतात आणि गार असताना ती काचेसारखी ठिसूळ होते. निक्रोम वर्षभर वापरूनही वाकते. आणि लाल असताना कँथल मऊ पडते, स्वतःच्या वजनाने लोंबते, तिला सगळीकडून आधार लागतो. जिथे ९०० ते ११०० चं काम, टांगलेली तार, सतत हादरे, तिथे मी डोळे झाकून निक्रोम घेईन. जिथे १२०० च्या वर, तिथे कँथल.

आता चार फायरिंगमध्ये का गेली? तुम्ही नवी कॉइल घालून थेट माल भरलात का?

मातीवेडी

हो. बिस्किट फायरिंगच, म्हणजे कच्च्या भांड्यांची पहिली भाजणी, केलं पहिलं. भट्टीचं झाकणही बंद होतं सुरुवातीपासून.

जुना_भट्टीवाला

तिथेच घोळ झाला. कच्च्या मातीतून पहिल्या भाजणीत गंधक, कार्बनचे वायू, वाफ सगळं बाहेर पडतं. नव्या तारेवर अजून साय धरलेली नाही आणि तिला आधी हेच झेलावं लागलं. नवी कॉइल बसवली की भट्टी रिकामी ठेवा, १०५० पर्यंत न्या आणि सात-आठ तास तिथे धरून ठेवा. कोरडी हवा आत जाऊ द्या. तार फिकट करडी झाली की मग माल भरा. पुढेही बिस्किटच्या वेळी ६०० पर्यंत झाकण दोन बोटं उघडं ठेवा. ग्लेझचा थेंब कॉइलवर पडला असेल तर तो भाग बदलाच. ग्लेझमधले अल्कली ती साय विरघळवून टाकतात.

लालबागची_आरास

आमच्याकडची निक्रोम कधी लाल होतच नाही, तरी सांगतो. वडील गणपतीची मखरं करायचे. थर्माकोल कापायला लाकडी धनुष्याला २८ गेजची निक्रोम ताणलेली. अडीच-तीनशे अंश पुरे. तार लाल झाली तर काप खडबडीत येतो आणि धूर होतो. एका टोकाला स्प्रिंग लावायची, कारण मीटरभर तार एवढी तापली की चार-पाच मिलिमीटर वाढते आणि ढिली पडली की कमळाच्या पाकळीची कड बिघडते. वीज नेहमी ट्रान्सफॉर्मरमधून, १२ किंवा २४ व्होल्ट. घरच्या २३० ला कोणीही अशी उघडी तार लावू नये.

मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. आता पुठ्ठा, कापड, बांबू. त्याचं मला दुःख नाही, त्या धुरात वडिलांनी आयुष्य काढलं. पण धनुष्य अजून भिंतीवर आहे आणि तार तीच आहे, वीसेक वर्षं जुनी. काकांचा लेख वाचून कळलं का टिकली. तिला आम्ही कधी तिच्या मर्यादेच्या पावभरही ताण दिला नव्हता.

अलिबागची_खाडी

मी खत कारखान्यात रिफॉर्मरवर, म्हणजे वायू आणि वाफ तापवणाऱ्या भट्टीवर, काम केलंय. तारेचा विषय चाललाय, पण याच घराण्यातल्या नळ्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नैसर्गिक वायूपासून अमोनिया करताना पहिली पायरी म्हणजे मिथेन आणि वाफ तापलेल्या नळ्यांतून सोडायची. नळ्या दहा-बारा मीटर उंच, रांगेने उभ्या, बाहेरून ज्योती. आत निकेलचाच उत्प्रेरक भरलेला. नळीचं अंग ९०० अंशांच्या आसपास आणि आत पंचवीस-तीस बारचा दाब. हे रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. या नळ्या पूर्वी २५ टक्के क्रोमियम, २० टक्के निकेलच्या असत, आता ३५ टक्के निकेल आणि थोडं नायोबियम घातलेल्या असतात. बाकीचं लोखंड. साचा गरगर फिरवत त्यात रस ओततात.

इथे साय एकटी पुरत नाही. लाल तापलेला धातू कायमच्या दाबाखाली अगदी हळू, केसभर, पसरत जातो. याला क्रीप म्हणतात. म्हणून या मिश्रधातूत कार्बन मुद्दाम ०.४ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. त्याची कार्बाइडं कणांच्या सीमांवर पाचर ठोकल्यासारखी बसतात आणि सरकणं अडवतात. नळीचं आयुष्य १,००,००० तास धरतात, म्हणजे साडेअकरा वर्षांच्या आत-बाहेर. आणि हे आयुष्य तापमानाला किती हळवं असतं ते ऐका: नेमापेक्षा साधारण २० अंश जास्त तापवत ठेवलं तर ते निम्म्यावर येतं. ९०० मध्ये २० म्हणजे किती? डोळ्याला तर कळतही नाही. म्हणून शटडाउनमध्ये आम्ही प्रत्येक नळीचा व्यास मोजायचो. एखादी नळी एक-दोन टक्के फुगलेली मिळाली की तिच्याकडे बघून पोटात गोळा यायचा. पीक शेतात उभं राहतं त्यामागे या नळ्या उभ्या आहेत असं मला नेहमी वाटतं.

जुना_भट्टीवाला

खाडीसाहेब, वा! आमच्याकडे कार्ब्युरायझिंगच्या भट्टीत गिअर ठेवायच्या टोपल्या याच जातीच्या होत्या, ३५ निकेल, १५-१७ क्रोमियम. ९३० अंशांना मुद्दाम कार्बनयुक्त वायू सोडायचा, गिअरच्या कातड्यात कार्बन शिरावा म्हणून. पण कार्बनला गिअर कुठला आणि टोपली कुठली हे कळत नाही. तो टोपलीतही शिरतो, क्रोमियमला पकडून कार्बाइड करतो, मग सायीसाठी क्रोमियम उरत नाही. निकेल जितकं जास्त तितका कार्बन सावकाश शिरतो, म्हणून ३५ टक्क्यांचा खर्च. जुन्या टोपल्यांना मी चुंबक लावून फिरायचो. नवी टोपली ओढत नाही. ओढायला लागली की समजायचं, हिच्यातलं क्रोमियम अडकलं, आता तेलात बुडवताना कधीही तडकेल. तेच चुंबक, जे मातीवेडी ताईंना लावायला सांगितलं.

इन्स्ट्रुमेंटवाला

भट्टीचं तापमान दाखवणारा के-टाइप थर्मोकपलही याच घरातला. एक तार निकेल ९०, क्रोमियम १०. दुसरीत निकेल ९५ आणि थोडं ॲल्युमिनियम, मँगनीज, सिलिकॉन. दोन्हींचं जोडलेलं टोक तापलं की दर अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात, त्यावरून मीटर तापमान सांगतो. ही जोडी मार्शच्याच काळात, त्याच्याच मंडळींकडून आली.

भट्टीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. साय धरायला भरपूर प्राणवायू लागतो. अगदीच नसला तरी एक वेळ चालतं. पण थोडासाच असला, लांब अरुंद नळीत थर्मोकपल असतो तसा, तर तो निकेलला सोडून फक्त क्रोमियमला गाठतो, आणि तेही पृष्ठभागावर न थांबता आत शिरून. तार मोडली की मोड हिरवा दिसतो. याला ग्रीन रॉट म्हणतात. ८०० ते १००० अंशांत हा रोग जास्त. तार तुटण्याआधी ती खोटं बोलायला लागते: क्रोमियम कमी झालं की व्होल्टेज कमी येतं, मीटर कमी तापमान दाखवतो, आणि कंट्रोलर बिचारा भट्टी आणखी तापवत जातो. खाडीसाहेब म्हणाले ते २० अंश असे चोरपावलांनी येतात. आमच्या एका जागी पूर्ण लॉट यामुळे गेला. तेव्हापासून मी दोन थर्मोकपल शेजारी ठेवतो आणि शक्य तिथे एन-टाइप वापरतो. तो ऑस्ट्रेलियात तयार झाला, त्यात क्रोमियम १४ टक्के आणि सिलिकॉन जास्त आहे, त्याची साय बरीच घट्ट.

मातीवेडी

हे वाचून आत्ता उठून माझा थर्मोकपल बघितला. बारीक चिनीमातीच्या नळीत आहे, सात वर्षं जुना. उद्याच बदलते. मला दर वेळी वाटायचं ग्लेझ जास्त का वाहतेय.

दातांची_ताई

विषय थोडा वेगळा, पण साय तीच. दातावर बसवतो ती स्वस्तातली धातूची टोपी बऱ्याचदा निकेल-क्रोमियमची असते. चिनीमातीचा थर वर भाजावा लागतो, ९०० अंशांच्या वर, तेव्हा धातू वाकता कामा नये, म्हणून हा मिश्रधातू. तोंडात लाळेपासून त्याला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचाच पापुद्रा. क्रोमियम कमी असेल तर निकेल सुटतं. ज्यांना खोट्या दागिन्यांनी कान लाल होतात, खाज सुटते, त्यांना बहुधा निकेल सोसत नाही. अशांनी टोपी बसवण्याआधी डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. कोबाल्ट-क्रोमियम किंवा झिर्कोनिया या चिनीमातीसारख्या पदार्थाचा पर्याय आहे. मी हे प्रत्येक पेशंटला विचारते. "बाळी घातली की कान चिघळतात का?" एवढाच प्रश्न.

नभ_मंदार

मोठ्या भावाबद्दल कोणीच बोललं नाही! जेट इंजिन.

फ्रँक व्हिटल या इंजिनिअरचं जेट इंजिन ब्रिटनमध्ये तयार होत होतं तेव्हा टर्बाइनच्या पात्यांसाठी पोलाद टिकेना. लाल तापलेलं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, खाडीसाहेबांनी सांगितलेला क्रीप इथे दाबाने नाही, फिरण्याच्या ओढीने येतो. मग माँड निकेल आणि विगिन या कंपन्यांच्या लोकांनी हीच ८०-२० ची तार घेतली, म्हणजे तिचा मिश्रधातू, आणि त्यात थोडं टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम घातलं. १९४०-४१ च्या सुमाराचं हे काम. नाव निमोनिक. शेगडीतली तार विमानात गेली ती अशी.

त्या टायटॅनियम-ॲल्युमिनियमची गंमत मला कॉलेजपासून भुरळ घालते. निकेलबरोबर मिळून त्यांचे अतिसूक्ष्म ठोकळे तयार होतात, निकेल तीन आणि ॲल्युमिनियम एक अशा रचनेचे. बहुतेक धातू तापले की नरम पडतात. हे ठोकळे साधारण ८०० अंशांपर्यंत तापतील तसे आणखी कणखर होतात. पुढे कणांच्या सीमाच नकोत म्हणून संपूर्ण पातं एकाच स्फटिकाचं ओतायला लागले, कारण क्रीप तिथूनच सुरू होतो. आतून हवेच्या बारीक वाटा, वरून झिर्कोनियाचा लेप. आजच्या इंजिनात पात्याभोवतीचा वायू त्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षा जास्त तापलेला असतो आणि पातं तरीही उभं.

आपल्याकडे हैदराबादला मिश्र धातु निगम १९७३ पासून असे मिश्रधातू करतं. तिथल्याच संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने एकस्फटिकी पाती बनवून २०२१ मध्ये हेलिकॉप्टर इंजिनासाठी ६० पाती हिंदुस्तान एरोनॉटिक्सला दिली. जगात मोजक्याच देशांना हे जमलंय. मी ती बातमी दोनदा वाचली होती.

कराडचा_वायरमन

मंदारभाऊ, शेगडीची तार विमानात! आज दुकानात पोरांना सांगतो.

पण एक विचारायचं होतं. तारेचे भाव एवढे का चढतात-उतरतात? २०२२ मध्ये होलसेलवाल्यानं रेटच द्यायला नकार दिला होता.

अलिबागची_खाडी

निकेलमुळे. ८ मार्च २०२२ ला लंडनच्या बाजारात निकेल टनाला १,००,००० डॉलरच्या वर गेलं, शेवटी व्यवहारच थांबवावे लागले. क्रोमियमचं खनिज आपल्याकडे ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात भरपूर आहे. निकेल मात्र जवळजवळ सगळं बाहेरून. गोव्यात कुंकळ्ळीला एक निकेल-कोबाल्टचा कारखाना आहे, तो वेदांताने २०२१ च्या अखेरीस घेतला. बाकी आयातच. म्हणून जुन्या कॉइलचे तुकडे लोखंडाच्या भंगारात टाकू नका, वायरमन दादा. वेगळे ठेवा.

कराडचा_वायरमन

ठेवतो की! चुंबकाला चिकटणारे एका डब्यात, न चिकटणारे दुसऱ्यात.

मातीवेडी

महिन्याभराने लिहितेय. ए-१ तार आणली, चुंबक लावून मगच पैसे दिले. टोकं दुहेरी पिळून घेतली, म्हणजे भिंतीतून जाणारा भाग कमी तापेल. काकांनी सांगितल्याप्रमाणे रिकामी भट्टी १०५० ला आठ तास ठेवली. थर्मोकपलही नवा. जुना आणि नवा शेजारी ठेवून बघितले तर जुना ३४ अंश कमी दाखवत होता!

काल पहिलं स्टोनवेअर काढलं. ग्लेझ वाहिली नाही. फक्त एका बाजूची कॉइल खोबणीतून बाहेर फुगून आलीय. गार असताना दाबायची हिंमत होत नाही.

जुना_भट्टीवाला

गार असताना हात लावूच नका, मोडेल. कॉइल जेमतेम लाल होऊ द्या, मग स्विच बंद करा आणि पिनही काढून घ्या. नुसता स्विच पुरेसा नाही. मग लांब दांड्याच्या पक्कडीने वेटोळी एकमेकांजवळ सारून कॉइल आत बसवा. गार व्हायला लागली की थांबा, पुन्हा तापवा. घाई नको. बसली की कँथलच्याच उरलेल्या तारेची यू आकाराची पिन करून विटेत खोचा. दुसऱ्या धातूची पिन नको, ती तारेला बाधते.

मातीवेडी

बसली. तीन वेळा तापवावी लागली. चार पिना खोचल्या.

जुना_भट्टीवाला

छान. ३४ अंशांचा आकडा वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.

नातीला मी काल जुन्या निक्रोमचा वीतभर तुकडा दिला. सँडपेपरने घासून चांदीसारखा केला, पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल केला आणि बाहेर काढला. मधला भाग करडा झाला होता, त्याच्या दोन्ही बाजूंना निळा आणि त्याच्या पलीकडे पिवळसर पट्टा. "ही ती साय?" म्हणाली. मग तार गार झाल्यावर तिने पुन्हा सँडपेपर मागितला.